जाण्यायेण्याचे कपडे

सोलापूरहून बीडच्या दिशेने निघालं, येडशी मागे पडलं, येरमाळ्याच्या येडेश्वरीला गाडीतूनच हात जोडून झाले, की तेरखेडा लागतं. धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी तालुक्यातलं हे गाव. बालाघाटाचा डोंगरपट्टा, सोयाबीन-तुरीची रानं, आणि गावापासून लांब, माळावर, एकमेकींपासून अंतर राखून उभ्या असलेल्या छोट्या छोट्या खोल्या. त्या खोल्यांमध्ये फटाके तयार होतात. दिवाळीच्या तोंडावर महामार्गाच्या कडेला दुकानं लागतात, लांबलांबून गिऱ्हाइकं येतात. ‘महाराष्ट्राची शिवकाशी’ ही गावाची ओळख त्यातूनच पडली.

माझी आक्का अशाच एका कारखान्यात बरीच वर्षं कामाला जाते. एकदा सकाळी तिला सोडायला गेलो होतो. फाटकापाशी बायका जमल्या होत्या. बहुतेकींनी साडीवरून पुरुषी शर्ट चढवलेला, डोक्याला फडकं. एक पोर त्या दिवशी पहिल्यांदाच कामावर आली होती. आक्काने पुढे होऊन तिच्या ओढणीचं टोक अंगठा आणि तर्जनीत धरलं, चुरगाळलं, सोडलं आणि विचारलं, “सुती हाय ना?” पोर गप्प राहिली. कापडाने उत्तर दिलंच होतं. चुरगळल्यावर त्याला घडीच पडली नव्हती. आक्काने तिला ओढणी फाटकाबाहेरच्या खुंटीला लावायला सांगितली आणि आपल्याजवळचं जास्तीचं फडकं दिलं.

हा नियम मनाचा नाही. सुती धाग्यात हवेतली ओल मुरलेली असते, त्याच्या वजनाच्या साधारण 8 टक्के. पॉलिस्टरमध्ये ती अर्धा टक्काही नसते. त्यामुळे कोरड्या हवेत पॉलिस्टरचं कापड अंगावर घासलं, की त्यावर स्थिर वीज साठते. अंधारात स्वेटर काढताना चटचट आवाज होतो, ती हीच. घरात ती गंमत असते. दारू कुटण्या-भरण्याच्या खोलीत तेवढी एक ठिणगी पुरते. शिवाय आग लागली तर सुती कापड जळून राख होतं, पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. म्हणून स्फोटकांच्या कामात कपडे सुती, बिनखिशाचे. चपलेला लोखंडी खिळा नाही. खिशात काडेपेटी राहू नये म्हणून खिसाच नाही. 2008च्या स्फोटक नियमांमागेही हीच समज आहे. या गावाने स्फोट पाहिले आहेत, माणसं गमावली आहेत. कपडा हा कामाचाच एक भाग असतो, हे तेरखेड्याला कुणी शिकवावं लागत नाही.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आक्काच्या मुलीला आलेलं एक निमंत्रण.

‘स्मार्ट कॅज्युअल’ म्हणजे काय, मामा?

भाची कृषी पदवीधर. एका शेतकरी कंपनीत काम करते. रुंद वरंबा सरीवर, म्हणजे ज्याला गावात सगळे नुसतं ‘बीबीएफ’ म्हणतात त्या पद्धतीने, सोयाबीन पेरल्यावर पावसाच्या खंडात ओल किती दिवस टिकते, याची तिने तीन हंगाम नोंद ठेवली. त्यावरचा तिचा निबंध पुण्याच्या एका परिषदेत पोस्टर म्हणून मांडण्यासाठी निवडला गेला. दोन दिवसांची परिषद. निमंत्रणाच्या तळाशी एक ओळ होती : पोशाख – स्मार्ट कॅज्युअल.

घरात त्या एका ओळीवर दोन दिवस चर्चा झाली. आक्काचं म्हणणं, चांगली जरीची साडी नेस. धाकट्या भाच्याचं म्हणणं, ब्लेझर लागतोच, बार्शीला भाड्याने मिळतो. भाची मला म्हणाली, “मामा, स्मार्ट म्हणजे नटायचं आणि कॅज्युअल म्हणजे नटायचं नाही. मग करायचं तरी काय?”

प्रश्न बरोबर होता. पण याचं उत्तर आपल्या भाषेत आधीपासून आहे. मराठी घरात कपड्यांच्या तीन जाती असतात. एक ठेवणीतले : पेटीत, डांबराच्या गोळ्या घालून, लग्नाकार्याला काढायचे. दुसरे वापरातले, घरात आणि रानात घालायचे. आणि या दोहोंच्या मधले, जाण्यायेण्याचे. तालुक्याला जाताना, बँकेत, दवाखान्यात, पाहुण्यांकडे, शाळेच्या पालकसभेला. ते स्वच्छ असतात, इस्त्रीचे असतात, अंगाला बसलेले असतात, आणि मुख्य म्हणजे ते अंगावर आहेत याची दिवसभर आठवण होत नाही. परिषदेने मागितलं ते हेच. ‘स्मार्ट कॅज्युअल’ म्हणजे जाण्यायेण्याचे कपडे, थोडी जास्त निगा घेतलेले.

मी तिला हे सांगितलं. पण तेवढ्यावर सोडून द्यावंसं वाटेना, कारण ब्लेझर भाड्याने आणण्याची गोष्ट माझ्या जुन्या दुखण्यावर बोट ठेवून गेली होती.

उसना कोट

जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात नवा नवा लागलो होतो, तेव्हा दुष्काळावरच्या एका चर्चासत्राला पुण्याला जायची संधी मिळाली. कोट हवाच असं कुणीतरी ठामपणे सांगितलं. एका मित्राच्या भावाचा कोट उसना घेतला. खांदे माझ्या खांद्यांपेक्षा दोन बोटं रुंद, बाह्या पंजाच्या निम्म्यापर्यंत. सत्रात एक तज्ज्ञ टँकरच्या पाण्याचा हिशेब मांडत होते. तो हिशेब आमच्या भागाला लागू पडत नव्हता. मी स्वतः टँकरमागे गावोगाव फिरून आलो होतो, आकडे वहीत होते. प्रश्नांची वेळ आली. हात वर करायला गेलो, तर कोटाची बाही कोपराकडे घसरली, खांदा कानाशी आला, शेजारच्यांनी वळून पाहिलं. मी हात खाली घेतला. प्रश्न राहिला. परतीच्या एसटीत रात्रभर तो राहिलेला प्रश्न टोचत होता.

तेव्हापासून परिषदेच्या कपड्याबद्दल माझी एकच कसोटी आहे. त्या कपड्यात हात वर करता आला पाहिजे. बाकी रंग, काट, कापड, किंमत हे सगळं त्यानंतर.

हे शब्दशः घ्यावं आणि मनावरही घ्यावं. माणूस परिषदेला ऐकायला, विचारायला आणि आपलं काम मांडायला जातो. जो कपडा त्याला संकोचायला लावतो तो फुकट मिळाला तरी महागच. ‘एक नूर आदमी, दस नूर कपडा’ असं म्हणतात. ते खरं मानलं तरी पहिला नूर आदमीचाच आहे. तो झाकला गेला तर उरलेले दहा काय कामाचे?

सैल शुक्रवार आणि आपली डोंगरी

कामाच्या ठिकाणी साधे कपडे, ही रीत साहेबी जगात अगदी अलीकडची. हवाई बेटांवर 1966मध्ये कापड व्यावसायिकांनी कचेऱ्यांना पटवलं, की निदान शुक्रवारी तरी फुलाफुलांचे शर्ट चालू द्यावेत. तिथून ती चाल अमेरिकेत पसरली. 1992मध्ये लेव्हाइसने आपल्या ‘डॉकर्स’ पँटी खपाव्यात म्हणून ‘कामाला साधे कपडे कसे घालावेत’ याची एक पुस्तिका छापून हजारो कंपन्यांच्या कर्मचारी अधिकाऱ्यांना पाठवली. जपान सरकारने 2005च्या उन्हाळ्यात ‘कूल बिझ’ मोहीम काढली. कचेऱ्यांमधली थंड हवा 28 अंशांवर ठेवायची आणि नोकरदारांनी टाय-कोट उतरवायचा. विजेची बचत आणि माणसाचा जीव, दोन्ही. मे महिन्यात चाळिशीपार जाणाऱ्या आपल्या मराठवाड्यात कुणाला टायची सक्ती करताना हा जपानी शहाणपणा आठवायला हरकत नाही.

पण साध्या कपड्याची आपली वाट याहून फार जुनी आहे. तेरखेड्याहून काही कोसांवर तेर आहे, गोरोबाकाकांचं तेर. प्राचीन काळी त्याचं नाव तगर. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी प्रवासाच्या पुस्तकात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याची नोंद आहे. तिथून गाड्यांमध्ये भरून भडोचच्या बंदराला काय जात असे? तलम मलमल जात असे आणि त्याबरोबर भरपूर साधं, रोजच्या वापराचं सुती कापड. दोन हजार वर्षांपूर्वी आमच्या या तेरणाकाठच्या साध्या कापडाला समुद्रापार गिऱ्हाईक होतं.

दुसरी गोष्ट मुंबईची. जाड्याभरड्या निळ्या कापडाला इंग्रजीत ‘डंगरी’ म्हणतात. तो शब्द गेला आपल्या मुंबईतल्या डोंगरीवरून. तिथे विकल्या जाणाऱ्या भरड सुती कापडाला ‘डोंगरी’ म्हणत, तेच नाव सतराव्या शतकात साहेबाच्या तोंडी बसलं. खलाशांनी आणि कामगारांनी ते वापरलं. पुढे 1873मध्ये अमेरिकेत लेव्ही स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांनी कामगारांच्या पँटीच्या खिशांना तांब्याचे रिव्हेट मारायचं पेटंट घेतलं आणि जीन्स जन्माला आली. जीन्सचं कापड वेगळ्या विणीचं, पण कूळ तेच : राबणाऱ्या माणसाचा टिकाऊ सुती कपडा. ‘परक्यांचं फॅड’ म्हणून तिला नावं ठेवताना ही सोयरीक लक्षात असावी.

परिषदा, पोशाख आणि मान

महाराष्ट्रात सभा-परिषदांमधला पोशाख हा कधीच नुसता हौसेचा विषय नव्हता. फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयात 1885च्या ऑक्टोबरमध्ये काढलेला एक फोटो प्रसिद्ध आहे. त्यात तीन विद्यार्थिनी आहेत. जपानच्या केई ओकामी, सीरियाच्या सबात इस्लामबूली आणि आपल्या साडीत शांत बसलेल्या आनंदीबाई जोशी. तिघीही आपापल्या देशाच्या वेशात. डॉक्टर व्हायला त्यांना साडी सोडावी लागली नाही.

1888च्या मार्चमध्ये पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट या ब्रिटिश राजपुत्राच्या सन्मानार्थ हरी रावजी चिपळूणकरांनी मेजवानी दिली. जडजवाहिर आणि भरजरी पोशाखांच्या त्या गर्दीत महात्मा जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेशात गेले. आणि त्यांनी राजपुत्राला सुनावलं, की इथल्या झगमगाटावरून या देशाची पारख करू नका, खेड्यात जाऊन रयत पाहा. जोतीरावांना चांगले कपडे मिळत नव्हते असं मुळीच नाही. ते ठेकेदार होते, पुणे नगरपालिकेचे सभासद राहिले होते. तो वेश त्यांनी विचार करून घातला होता. त्या दिवशी त्यांचा युक्तिवाद अंगावरच्या कपड्यांनी सुरू झाला.

आता याच्या अगदी उलट दिसणारी, पण त्याच धाग्याची गोष्ट. डिसेंबर 1927मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेत बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांसमोर भाषण केलं. अस्पृश्यतेची खूण म्हणून लादलेली लुगडी नेसण्याची रीत आणि ते ठरावीक दागिने टाकून द्या, लुगडं नीट घोट्यापर्यंत नेसा, स्वच्छ राहा, असं त्यांनी सांगितलं. बायकांनी ते घरी जाऊन करण्यावर ठेवलं नाही. महाडमध्येच नव्या रीतीने लुगडी नेसून त्या वावरू लागल्या. परिषदेत पोशाखावर बोलणं झालं आणि तिथल्या तिथे ते अमलात आलं, असं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

1931च्या लंडनच्या गोलमेज परिषदेत गांधीजी पंचा नेसून गेले. नोव्हेंबरात बकिंगहॅम राजवाड्यातही त्याच वेशात गेले. त्याच परिषदेत बाबासाहेब सुटाबुटात होते. दोघांचेही कपडे नेमके होते. ज्या समाजाला धड कपडा घालू दिला जात नव्हता, त्याच्या प्रतिनिधीने उत्तम शिवलेला सूट घालणं हा हक्काचा उच्चार होता.

म्हणून ‘साधेच कपडे घाला, त्यात काय एवढं’ हे सांगताना मी थांबतो. साध्या कपड्यात सभागृहात शिरून आदर मिळवणं हे सगळ्यांना सारखं सोपं नसतं. ज्याच्या नावाला, आडनावाला, पदाला मान आहे त्याला चुरगळलेला कुर्ताही शोभतो. लोक त्याला कलंदर म्हणतात. पहिल्या पिढीतून शिकून आलेल्या पोराने तोच कुर्ता घातला, तर दाराशी त्याला ‘कुणाबरोबर आलात?’ असं विचारलं जातं. आणि मोठी माणसंही कधी दारातून परत जातात. पंढरपुरात जन्मलेले चित्रकार एम. एफ. हुसेन अनवाणी चालत. 1988मध्ये मुंबईच्या विलिंग्डन क्लबने त्यांना त्या अनवाणी पायांसाठी प्रवेश नाकारला होता.

कुणाला सूट घालून उभं राहावंसं वाटलं, तर तो त्याचा हक्क आहे. सूट भाड्याचा नसावा, मापाचा असावा, एवढंच माझं म्हणणं.

फतवा आणि शिक्षण परिषद

आपल्याकडे नोकरदारांच्या पोशाखावर सरकारी कागदही निघतात. 8 डिसेंबर 2020च्या परिपत्रकाने राज्य सरकारी कचेऱ्यांमध्ये जीन्स आणि टी-शर्टला मनाई केली, भडक नक्षीचे कपडे नकोत म्हटलं, स्लिपर नकोत म्हटलं आणि आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, खादी वापरावी असं सुचवलं. काही महिन्यांनी जीन्सवरची बंदी सैल झाली, टी-शर्टवरची राहिली. मग 15 मार्च 2024ला शाळांसाठी शासन निर्णय आला. शिक्षिकांनी साडी किंवा सलवार-कुर्ता-दुपट्टा, शिक्षकांनी शर्ट-पँट, शर्ट आत खोचलेला; जीन्स, टी-शर्ट, भडक रंग वा चित्रं नकोत.

खेड्यातल्या शिक्षकांची महिन्याची शिक्षण परिषद भरते, केंद्राच्या शाळेत. ही आपल्या भागातली सगळ्यात नियमित भरणारी व्यावसायिक परिषद. एका वर्गात दहा शाळांचे गुरुजी आणि बाई जमतात. कुणी नमुना पाठ घेतं, कुणी अपूर्णांक शिकवायला भाकरीचे तुकडे आणतं. मी अशा परिषदांना मागच्या बाकावर बसलो आहे. तिथे ज्यांचं बोलणं लोक कान देऊन ऐकतात त्यांचा कपडा बहुधा असा असतो : फिक्या रंगाचा सुती शर्ट, बाह्या मनगटापासून दोन घड्या वर, खिशाला एकच पेन, पायात पॉलिश केलेली चप्पल. बाईंची नारायणपेठी किंवा साधी कोटा साडी, पदर पिनेने नीट बसवलेला, कारण फळ्यावर लिहिताना तो सावरत बसायला वेळ नसतो. खडूची धूळ झटकली की निघेल असा रंग. हे कुठल्याच निर्णयात लिहिलेलं नाही. ते कामातून आलेलं आहे.

नियमच करायचा तर एका ओळीचा पुरे : कपडा स्वच्छ असावा, कामाच्या आड येऊ नये, समोरच्याचा अवमान करू नये. पुढचं माणसावर सोडावं.

बाहेरच्या जगातही ज्यांनी नाव काढलं त्यांनी हेच केलं आहे. अकोले तालुक्यातल्या बीजमाता राहीबाई पोपेरे 2021च्या नोव्हेंबरात पद्मश्री स्वीकारायला राष्ट्रपती भवनात गेल्या त्या आपल्या नऊवारीत. 1993च्या किल्लारी भूकंपानंतर आमच्या जिल्ह्यात बायकांच्या गटांचं काम उभं करणाऱ्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ला 2017मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. एक एकरात घरच्या खाण्यापुरतं पिकवण्याचा त्यांचा अनुभव ऐकणाऱ्यांनी त्यांच्या लुगड्याचा भाव विचारला नाही.

मुंढा

भाचीने शेवटी खादी भांडारातून एक कुर्ता आणला. हातसुती, फिक्या मातकट रंगाचा, पुढे लाकडी बटणं. कापड सुरेख होतं. घालून दाखवला तेव्हा काहीतरी बिनसल्यासारखं वाटलं. खांद्याची शिवण दंडावर उतरली होती, घेर पिंढरीपर्यंत. आम्ही तो घेऊन गावातल्या शिंप्याकडे गेलो. वयस्कर माणूस, पायाची मशीन, गळ्यात टेप. त्याने तिला आरशापुढे उभं केलं नाही. म्हणाला, “हात वर कर, बाई.”

तिने हात वर केला. सगळा कुर्ता वीतभर वर आला.

“मुंढा खाली हाय,” तो म्हणाला. मुंढा म्हणजे बाही जिथे अंगाला जोडली जाते तो गोल. तयार कपड्यात तो मुद्दाम खाली, मोठा ठेवतात, म्हणजे एकच माप दहा अंगांना चालतं. पण मुंढा जितका खाली तितका हाताबरोबर अख्खा कपडा ओढला जातो. मुंढा काखेच्या जवळ असेल तर फक्त बाही हलते, अंग जागेवर राहतं. हे ऐकताना मला तो जुना उसना कोट आठवला. तेव्हा काय चुकलं होतं, ते इतक्या वर्षांनी एका शब्दात कळलं.

कापलेला मुंढा लहान कसा करणार? त्याने खांद्याची शिवण उसवून दोन बोटं आत घेतली, बाही वर चढवली. खालच्या लांब घेरातून पट्टी कापली, तिचे दोन चौकोनी तुकडे केले आणि काखेत तिरपे बसवले. म्हणाला, “जुन्या पैरणीला असा तुकडा असायचाच. मोट हाकायची, पेंढी फेकायची, तर हात मोकळा पाहिजे.” मग खालची कड हाताने तुरपली, कारण मशीनची टीप खादीला ओढते. बाजूच्या शिवणीत एक खिसा दिला. पाऊण तासाचं काम. कुर्ता गुडघ्याशी आला, खांदा खांद्यावर बसला आणि हात वर केला तरी कड जागची हलली नाही. त्यानंतर त्याने आरसा दाखवला.

साध्या कपड्यातला सारा रुबाब या एवढ्याशा गोष्टींत असतो. शर्टाची खांद्याची शिवण हाडाच्या टोकावर यावी, पँटची मोहरी चपलेवर गोळा होऊ नये. पाच हजारांचा शर्ट खांद्यावरून उतरत असेल तर उसना दिसतो, पाचशेचा मापात असेल तर आपला दिसतो.

परिषदेच्या दोन दिवसांना काय काय सोसावं लागतं, याचा हिशेब आम्ही त्या दुकानात बसूनच केला. सभागृहात थंडी असते, बाहेर उकाडा. म्हणजे अंगात सुती आणि हाताशी एक शाल किंवा बिनबाह्यांचं जाकीट. बोलायची वेळ आली तर बारका माइक पुढच्या पट्टीला अडकवतात; बटणपट्टी किंवा कॉलर असली तर बरं, नाहीतर तो गळ्यावरून घसरतो. माइकचं यंत्र ठेवायला खिसा लागतो. गळ्यात ओळखपत्राची दोरी असते, तिच्यात लांब माळ गुंतते. म्हणून कानात काही चालेल, गळा मोकळा. जेवण उभ्याने असतं, एका हातात ताट. पदर किंवा दुपट्टा खांद्याला टाचलेला हवा. दिवसभर पोस्टरपाशी उभं राहायचं, तेव्हा नवी चप्पल त्या दिवशी काढायची नाही. आठ दिवस आधी घालून पाय आणि चप्पल दोघांची ओळख करून द्यायची. नव्या कपड्याची घडीही तिथे जाऊन मोडू नये. एकदा धुवून, घालून, वावरून पाहावा.

तिच्या पायात कोल्हापुरी होती. 2025च्या जूनमध्ये इटलीच्या ‘प्रादा’ने मिलानच्या प्रदर्शनात तसल्याच चपला मांडल्या, तेव्हा कोल्हापुरीचं नाव कुठेच घेतलं नव्हतं. महाराष्ट्रातून आवाज उठला आणि त्यांना तिचं मूळ मान्य करावं लागलं. महाराष्ट्र-कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांच्या कारागिरांना या चपलेचं भौगोलिक मानांकन 2019पासून आहे, त्यात आपला शेजारचा सोलापूरही आहे. ती पायात घालून कुठल्याही सभागृहात ताठ जावं.

अंगावर एकच गोष्ट बोलकी असावी, बाकीच्यांनी तिला बोलू द्यावं. भाचीने गुळेदगुड्डच्या खणाचं बिनबाह्यांचं जाकीट निवडलं, जांभळं, बारीक नक्षीचं. मातकट कुर्त्यावर ते असं उठून दिसलं, की दुसऱ्या कशाची गरजच उरली नाही. कुणाला हिमरूची शाल शोभेल, कुणाला सोलापुरी हातमागाचा शर्ट, कुणाला घोंगडीच्या लोकरीचा मफलर. आपल्या मुलखात विणलेलं काहीतरी एक अंगावर असलं, की अनोळखी माणूस त्याबद्दल विचारतो, बोलणं सुरू होतं, आणि परिषदेला माणूस त्यासाठीच तर गेलेला असतो.

फाट्यावर

निघायच्या दिवशी पहाटे आम्ही तिघं महामार्गावरच्या फाट्यावर उभे होतो. पुण्याची गाडी यायची होती. पोस्टरची गुंडाळी माझ्या काखेत. भाचीच्या अंगावर तो कुर्ता, वर खणाचं जाकीट, केसांची एक घट्ट वेणी. आक्का तिथूनच कामावर जाणार होती. विटकी सुती साडी, वरून शर्ट, हातात डबा. मायलेकी शेजारी शेजारी उभ्या. एकीचा कपडा माळावरच्या खोलीसाठी, दुसरीचा पुण्याच्या सभागृहासाठी. दोन्ही कामाचे, दोन्ही आपापल्या जागी चोख.

लांबून गाडीचे दिवे दिसले. भाचीने थांबवण्यासाठी हात वर केला. कुर्ता हलला नाही. आक्का पुढे झाली, लेकीच्या बाहीची कड अंगठा आणि तर्जनीत धरली, चुरगाळली, सोडली. कापडाला बारीक घडी पडली.

“सुती हाय ना?” ती म्हणाली आणि ती घडी तळहाताने सारखी केली.